समोरची भिंत

कपबशी खाली ठेवता ठेवता प्राचार्यांच्या बाईंनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं, आणि बशी टीपॉयला टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अगं बाई! इथं चित्रं होती ना?"

गहिनीनाथ बिस्किटांची बशी पुढं करत होता. त्याचा हात तसाच अधांतरी राहिला. भिंत समोर होती. फिकट पिस्त्याच्या रंगाची, गुळगुळीत, कुठं डाग नाही की ओरखडा नाही. मधोमध पुण्याहून आणलेलं बाटिकचं चित्र होतं आणि ते नेमकं मध्यावर यावं म्हणून त्यानं दोरा धरून माप घेतलं होतं. बाईंची नजर त्या चित्रावर थांबलीसुद्धा नाही. हरवलेली वस्तू कोनाड्यात चाचपावी तशी त्यांची नजर भिंतभर फिरत राहिली. "गेल्या आठवड्यात टांग्यातून जाताना दिसली हो मला. दार सताड उघडं होतं तुमचं. लाल आणि पांढरी. हातात हात घातलेल्या बायका होत्या, आणि एक एस.टी. होती, तिच्या खिडक्यांतून माणसंच्या माणसं बाहेर आलेली! मी टांगेवाल्याला म्हटलं, थांब रे जरा. पण मागं ट्रक होता. म्हणून तर आज मुद्दाम वाट वाकडी करून आले." त्यांनी मांडीवरची पिशवी उघडून आतला काळा चौकोनी कॅमेरा दाखवला, आणि लहान मुलीसारख्या ओशाळून हसल्या.

"ओल आली होती," गहिनीनाथ म्हणाला. "पोपडे धरले होते भिंतीनं. रंग द्यावाच लागला."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याचे त्यालाच ऐकू आले. ओल. बाहेर मार्चचं ऊन रस्त्यावर पांढरं होऊन पडलं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळाला एक दिवसाआड घटकाभर पाणी यायचं, रेशनला मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळायची, जामखेडकडची गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर बसली होती, आणि सावेडीतल्या ह्या दोन खोल्यांच्या भिंतीला तेवढी ओल आली होती. बाई हसल्या नाहीत. शिकलेली माणसं दुसऱ्याच्या खोट्यावरून जशी अदबीनं नजर काढून घेतात, तशी त्यांनी काढून घेतली. "या वर्षी?" एवढंच हळू म्हणाल्या.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "व्हय, ओल हुती. लई हुती."

छबू चौकटीला धरून उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढला होता. दोन वर्षं झाली होती लग्नाला, पण पाहुणा आला म्हणजे ती बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नसे. दारातूनच चहा द्यायची, दारातूनच बोलायची. आज तिला कुणी विचारलंही नव्हतं. नवऱ्याचं खोटं एकटं पडलेलं दिसलं म्हणून तिनं आपलं एक खोटं त्याच्या शेजारी आणून उभं केलं. गहिनीनाथनं तिच्याकडं पाहिलं नाही. कान मात्र तापले, पाठीवरून घामाचा एक थेंब सावकाश खाली गेला, आणि त्याला वाटलं, हिनं आत्ता सगळं सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

"तुम्हीच काढली होतीत ना?" बाई आता छबूकडं वळून बसल्या होत्या. "पुन्हा काढाल का हो? पुढच्या रविवारी माझी बहीण येतेय पुण्याहून. तिला अशा गोष्टींचं फार वेड. गावोगाव फिरून भिंतींचे फोटो काढते ती. मी पत्रात लिहूनसुद्धा बसले तिला!"

छबूनं गहिनीनाथकडं पाहिलं.

"काढेल की," तो म्हणाला. "तिला काय, हातातच आहे तिच्या."

हे तो मोठ्या कौतुकानं म्हणाला. आपल्या मळ्यातली वांगी पाहुण्याला देऊ करावीत तसं.

बाई गेल्या. त्यांचा टांगा वळेपर्यंत तो दारात हात जोडून उभा राहिला आणि मग घरात वळताना त्याला आपलं घर बाहेरून दिसलं, बाईंना दिसलं असेल तसं. दोन वेताच्या खुर्च्या, त्यांच्यावर मोहरीच्या रंगाच्या गाद्या. टीपॉय. कोपऱ्यात मातीचा उंच मडकेवजा कुंभ, त्यात पानं नसलेल्या चार वाळक्या फांद्या. पडदे आखूड, खादीचे, कारण लांब पडदे जुनाट दिसतात. एक भिंत पिस्ता आणि बाकीच्या तीन पांढऱ्या, कारण चारी भिंतींना एकच रंग देण्याचे दिवस गेले. ही सगळी वाक्यं त्याची नव्हती. ती त्यानं वाचनालयातल्या मासिकांच्या मागच्या पानांवरून, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात चहा पिताना, कुणाच्या बोलण्यात, कुणाच्या न बोलण्यात वेचली होती. नोकरी लागल्यापासून त्याची ती सवयच झाली होती. कुणाच्या घरी गेला की यजमानाशी बोलता बोलता तो डोळ्यांनी घर मोजून घ्यायचा: दिवा किती खाली लोंबतो, पुस्तकं उभी आहेत की आडवी, देव दिसतात की नाही. आणि घरी येऊन खुर्ची इकडची तिकडं करायचा. छबू पोतेरं हातात घेऊन बघत राहायची. "घराला एक व्यक्तिमत्त्व असावं लागतं," त्यानं तिला एकदा समजावून सांगितलं होतं. "म्हणजे आत आल्याबरोबर माणसाला कळलं पाहिजे, हे अमक्याचं घर. दुसऱ्याचं असूच शकत नाही."

"ते कापडबाजारात मिळतं का पुन्याला जावं लागतंय?" छबूनं विचारलं होतं.

तो हसला होता. तिच्या ह्या बोलण्याचं त्याला तेव्हा गंमत म्हणून कौतुक वाटलं होतं. मित्रांना सांगायला चांगलं होतं. सांगितलंही होतं त्यानं. तिच्या माहेरची पितळेची घागर, उतरंडीची मडकी, रंगीत लाटणं-पोळपाट, बांगड्यांच्या काचेचं तोरण, असं सगळं तेव्हाच कॉटखाली गेलं होतं. "जपून ठेवू," तो म्हणाला होता. तिनं प्रत्येक वस्तू फडक्यात गुंडाळून, निजलेलं मूल ठेवावं तशी आत सरकवली होती. एक पुरचुंडी मात्र तिनं स्वयंपाकघरात आपल्याजवळ ठेवून घेतली. तिच्यात गावच्या पांढरीची माती होती, वाळवून चाळलेली. आणि लाल कावेचे चार खडे. "आसू द्या," ती म्हणाली होती, "कवा लागली तर."

आणि मग ते तीन दिवस. परीक्षेच्या कामाला कॉलेजनं त्याला नेवाशाला धाडलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी धुळीनं माखून तो परत आला, तर दार उघडं, आणि दारातून समोर भिंत. तेव्हा ती भिंत नुसत्या चुन्याची होती. रंग कोणता द्यावा ते त्याचं ठरत नव्हतं. छबू डब्यावर चढून उभी होती, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पांढरे, आणि तो आल्याचं तिला कळलंच नाही. ती गुणगुणत होती. ओवी जुनी नव्हती. जात्यावर बायका जशा हाताबरोबर जोडत जातात तशी बोटाबरोबर जोडत होती.

*कोऱ्या भिंतीवरी बाई, बोट ओलं टेकविलं*
*माहेराला सासराच्या शेजारी बसविलं*

आणि खरंच बसवलं होतं. खाली चौकटीच्या कोपऱ्यापासून तिचं गाव निघालं होतं, आड, आडावर वाकलेली बाभूळ, बाभळीवर तिच्या खोडाएवढा मोठा कावळा. मग फुगडीच्या बायका हातात हात गुंतवून वरवर चढत गेलेल्या, कुणाला तीन वेण्या, कुणाला एकही नाही. त्यांच्यातूनच वाट काढत एस.टी. आलेली, तिची चारही चाकं एकाच बाजूला; आणि तिच्याही वरच्या अंगाला हे घर. ह्या घराचं दार, दाराशी एक बाई आणि शेजारी एक लांबलचक माणूस, हातात छत्री, डोळ्यांवर दोन वाटोळी भिंगं, आणि मान मोडून पडेल की काय असं भोपळ्याएवढं डोकं. सरळ रेष कुठं नव्हती. डावीकडं गर्दी, उजवीकडं मोकळं. दोरा धरून मोजलेलं काही नव्हतं. गहिनीनाथच्या हातातली पिशवी खाली टेकली, आणि आज कितीही चाचपलं तरी त्याला पक्कं आठवतं की पहिल्या क्षणी त्याला झाला होता तो आनंद. पोटात ऊन ऊन भाकर पडावी तसा. ह्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्याला आपण घरी आलो असं वाटलं होतं.

"ह्यो कोन?" त्यानं विचारलं. मुद्दाम तिच्याच बोलीत. ती बोली कॉलेजात गेल्यापासून त्यानं तोंडात येऊ दिली नव्हती.

छबू दचकली, वळली, आणि हसत डब्यावरून उतरली. "वळखा की."

"मी?"

"मंग? दुसरं कोन हाय हितं चष्मेवालं?"

"आन् डोकं एवढं मोठं?"

"लई शिकलाव न्हवं!"

दोघंही हसली. एवढं आठवतं. दोघंही पोट धरून हसली, आणि तिच्या ओल्या बोटाचा एक पांढरा ठिपका त्याच्या बाहीवर उठला. तो सदरा त्यानं धुवायला टाकला तेव्हा ठिपका गेला. जायला नको होता असं तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रजीचे एक सहकारी वर्तमानपत्र मागायला आले आणि दारातच थबकले. "काय हो," ते म्हणाले, "तुमच्याकडं नागपंचमी लवकर आली वाटतं!" वाईट माणूस नव्हता तो. हसणंही वाईट नव्हतं. नुसतं, येता जाता, हातातलं पान चाळताना माणूस हसतो तसं. पण गहिनीनाथ त्याच्याही आधी हसला, त्याच्याहून मोठ्यांदा हसला, आणि खांदे उडवून म्हणाला, "काय करणार? मंडळी आमची खेड्यातली." आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. तेवढ्या त्या थांबलेल्या अवकाशात काही झालं असावं, पण तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं. त्याला दिसत होती ती भिंत, आता त्या सहकाऱ्याच्या डोळ्यांनी. चार चाकं एका बाजूला. तीन वेण्या. भोपळा. आणि उद्या हा स्टाफरूममध्ये सांगणार, सर्वांना सांगणार, आणि कुणी तरी म्हणणार, असणारच, ते ऊसतोडीवाल्यांच्यातले ना.

बन्सी पेंटर त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. छबू विहिरीवर गेली होती. नळाचा दिवस नव्हता, आणि विहिरीवरच्या रांगेत दोन तास तरी सहज मोडायचे. हे गहिनीनाथनं धरूनच बन्सीला वेळ दिली होती. हा हिशेब करताना आपण काही चोरून करतोय असं त्यानं स्वतःला कळू दिलं नाही. तिला धुळीचा त्रास नको, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं. बन्सीनं डबे खाली ठेवले, बिडी पेटवली आणि भिंतीसमोर उकिडवा बसून राहिला.

"सर, ही मिटवायची?"

"हो. पिस्ता रंग. दोन हात."

"कोनी काढलीया?"

"आमच्या घरात."

"बाईंनी?" बन्सीनं धूर सोडला. "ह्यो तुमीच का छत्रीवाले? बराबर हाय. चालायची लकब पकडलीया बगा, पायच उचलत न्हाई तुमी." मग जरा थांबून, "सर, मी रंगारी. रंगवायचे पैशे घेतो, मला काय. पन आमच्या कारभारनीनं आसं काढलं आसतं ना, तर मी ही भित सोडून घर रंगवलं आसतं."

"बन्सी, काम कर."

"करतो की. काव हट्टी असती पन. खरवडल्याबिगर न्हाई जायची."

मग पत्रा भिंतीवर फिरायला लागला. तो आवाज. गहिनीनाथ आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसला होता, आणि दर ओरखड्याला त्याच्या दातांतून कळ जात होती. मध्येच तो आवाज थांबला आणि बन्सीनं हाक मारली, "सर, तुमाला ठिवू का? येवढंच? तसबिरीमागं जाईल झाकून." तो बाहेर गेला. आड गेला होता, बाभूळ, कावळा, बायका गेल्या होत्या. वरच्या अंगाला फक्त तो उरला होता, छत्री घेऊन एकटा, आणि शेजारी त्या बाईचा अर्धा हात. "काढ," तो म्हणाला. खाली जमिनीवर लाल-पांढरा भुगा साचला होता. तो बन्सीला भरू न देता त्यानं स्वतः झाडूनं भरला, सुपलीत घेऊन मागच्या उकिरड्यावर टाकून आला. हे काम आपल्याच हातानं करावंसं का वाटलं? कदाचित तिला ते दिसू नये म्हणून. कदाचित आपल्याला तरी दिसावं म्हणून.

छबू डोक्यावर दोन हंडे घेऊन आली. दारात थांबली. अर्धी भिंत पिस्ता झाली होती. बन्सी भिंतीकडं तोंड करून असा रंगवत होता की जणू त्याला पाठ एवढंच अंग आहे. गहिनीनाथ वाक्य तयार ठेवून उभा होता, बरीच वाक्यं होती त्याच्याकडं, रंगसंगतीची, उजेडाची. छबूनं भिंत पाहिली, बन्सीची पाठ पाहिली, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"पानी कुटं ठिवू?" तिनं विचारलं.

हंडे कुठं ठेवायचे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. रोज ठेवत होती. पण त्या दिवसापासून ती विचारायला लागली. हा डबा कुटं ठिवू, हे फडकं कुटं वाळू घालू, दिवा हितं लावू का तितं. चहाच्या कपाचा कान कुठल्या बाजूला करायचा, हेसुद्धा. आणि पहिल्यांदा त्याला त्याचं बरंच वाटलं होतं! हिला आता घर समजायला लागलं, असं वाटलं होतं. उत्साहानं सांगत सुटला होता तो. ती मान हलवायची, सांगितलेलं चोख करायची. आज, बाईंचा टांगा नजरेआड झाल्यावर, उंबऱ्यात उभं राहून तो मागचे दहा-बारा दिवस एक एक करून आठवायला लागला, आणि त्यात तिनं आपण होऊन केलेली एकही गोष्ट त्याला सापडेना. हो, एक होती. मघाशी म्हणाली ते. ओल हुती. लई हुती.

तो खुर्चीत बसला. भिंत समोरच होती. आणि नको नको म्हणताना त्याला दुसरी भिंत दिसायला लागली, जामखेडच्या पलीकडच्या त्या गावातली, मामाच्या घरातली. छबू मामाचीच मुलगी. दिवाळी सरली की त्याचे आईबाप गाडी जुंपून ऊस तोडायला कारखान्याकडं जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, आणि शाळा बुडू नये म्हणून तो मामाकडं राहायचा. सहा महिने परक्या घरी; पण परकं ते कधी वाटलं नाही, कारण मामी होती. रंगुबाई मामी. हडकुळी, कजाग, सतत पुटपुटणारी. त्याला पाटी नव्हती तेव्हा त्यानं कोळसा घेऊन तिच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पहिला ग काढला होता. मग एकेक अक्षर जोडत तिसरीत पूर्ण नाव, गहिनीनाथ, हातभर लांब, वेलांट्या चुकलेल्या. मामा मारायला धावला होता. मामी मध्ये पडली. आणि पुढं दर गुढीपाडव्याला भिंतीला पांढरी द्यायची वेळ आली की ती बोळा घेऊन त्या नावापर्यंत यायची आणि नावाच्या कडेकडेनं हात वळवून पुढं जायची. शेजारची कडूबाई हसायची, "आगं, भित काय गिधाडानं खाल्ल्यावानी दिसती. दे की फिरवून!" मामी म्हणायची, "पोराचं नाव हाय ते. नावावर कोन बोळा फिरवतं व्हय?" तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते तिनं कधी विचारलंही नाही. त्यानं लिहिलंय एवढं तिला पुरत होतं. वर्षामागून वर्ष मातीचे पापुद्रे चढत गेले, भिंत जाड होत गेली आणि नाव मात्र होतं तिथंच मागं राहिलं. मॅट्रिकला गेला तेव्हा ते बोटाच्या पेराएवढं खोल गेलं होतं, एखाद्या देवळीसारखं, आणि छोटी छबू येता जाता त्या देवळीत बोट घालून अक्षरं गिरवायची. तिला लिहायला कुणी शिकवलं नाही. गिरवून गिरवून तिला एवढंच आलं होतं, त्याचं नाव.

गहिनीनाथनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. स्वतःच्या घरात, भर दुपारी, कुणी पाहत नसताना माणसाला इतकी लाज वाटू शकते हे त्याला माहीत नव्हतं. आणि त्या लाजेच्याही तळाशी, गाळ हलवला की खालून आणखी काळं यावं तसं, आणखी काही होतं. ती चित्रं पुसल्याची लाज आज वाटत होती, पण आजच का? छबूनं हंडे घेऊन विचारलं त्या दिवशी नाही वाटली. बन्सीनं बिडी ओढत सांगितलं तेव्हा नाही वाटली. प्राचार्यांच्या बाईंना आवडली होती असं कळलं तेव्हा वाटली. म्हणजे ही लाजही त्याची स्वतःची नव्हती. तीही त्यानं कुणाच्या तरी दिवाणखान्यातून उचलून आणली होती.

"उरल्याली बिस्किटं डब्यात ठिवू का पुड्यात?" छबू दारातून विचारत होती.

"छबू," तो म्हणाला. "त्या दिवशी... ती भिंत... मी नको होतं पुसायला."

"आसू द्या वं," ती म्हणाली. "घरातलं तुमाला कळतं. मला कुटं कळतं त्यातलं?"

टोमणा असता तर त्यानं तो आनंदानं खाल्ला असता. त्यानं तिचा चेहरा निरखला, ओठ, भुवया, कुठं तरी राग सापडेल म्हणून. लहानपणी हीच छबू पेरूसाठी त्याचं मनगट चावली होती. राग कुठं नव्हता. ती अगदी मनापासून बोलत होती, आणि बिस्किटं कुठं ठेवायची ह्याचं उत्तर मिळायची वाट बघत होती.

आठवडाभर तो कॉलेजात शिकवत होता आणि शिकवता शिकवता मध्येच थांबत होता. शुक्रवारी डाळमंडईत जाऊन त्यानं काव घेतली, चार दुकानं हिंडून चांगली लालभडक बघून. पांढरी माती मात्र मिळेना, दुकानदार म्हणाला, "साहेब, झिंकचा पांढरा घ्या, झाक लागतंय." त्यानं घेतलं नाही. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर ती पुरचुंडी आहे का, ते त्यानं छबू नसताना चोरासारखं पाहिलं. होती. उरली होती ओंजळभर. त्याला फार हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

रविवारी सकाळी त्यानं बाटिकचं चित्र उतरवलं, खिळा उपटला. खुर्च्या भिंतीपासून मागं ओढल्या. दोन वाट्यांत काव आणि माती त्यानंच भिजवली. किती पातळ करायची ते त्याच्या हाताला आठवत होतं, मामीनं शिकवलं होतं. छबू न्हाऊन आली, ओले केस मानेवर बांधलेले. तिनं वाट्या पाहिल्या, भिंत पाहिली.

"ह्याच भितीवर? रंग खराब हुईल."

"होऊ दे."

"दाराआडची भित न्हाई का चालायची? कुनाला दिसनार न्हाई."

"दिसू दे छबू. दिसायलाच पायजे." मग घाईघाईनं, "पण तुला वाटेल तिथं काढ. तुझ्या मनाला येईल तिथं. पुण्याच्या बाईंचं सोड, त्या आल्या काय न् न आल्या काय. तुला हवं ते काढ." बोलताना आपला आवाज वर्गातल्यासारखा होतोय हे त्याला कळत होतं. आज्ञा करतोय आपण. मोकळं हो, अशी आज्ञा.

छबूनं पदर खोचला. पांढऱ्या वाटीत बोट बुडवलं, उचललं, भिंतीजवळ नेलं. बोट भिंतीपासून दोन अंगुळांवर थांबलं. एक थेंब लोंबत लोंबत मोठा झाला आणि खाली फरशीवर पडला. तिनं दुसऱ्यांदा बोट बुडवलं. पुन्हा तिथंच थांबलं. मग तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"काय काढू?"

"काहीही. मागं काढलं होतंस तसं. गाव काढ. फुगडी काढ."

"ते वाकडंतिकडं हुतं." ती थोडी हसली, त्याला बरं वाटावं म्हणून. "आता चांगलं काढते. तुमी सांगा."

त्याला वाटलं, आपण गप्प राहिलो, पुष्कळ वेळ गप्प राहिलो, तर कदाचित ती विसरेल की आपण इथं आहोत. त्यानं श्वाससुद्धा हळू घेतला. बाहेर रस्त्यावरून कुणी तरी सायकल हातात धरून गेलं. छबू वाट पाहत होती. बोटावरची माती वाळून पापुद्रा धरायला लागली होती. ती तशीच उभी राहिली असती, संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती, सांगितल्याशिवाय ती रेष ओढणार नव्हती. आणि अकरा वाजता टांगा येणार होता.

"मोर काढ," तो म्हणाला.

तिचा चेहरा एकदम सुटला. "व्हय," ती म्हणाली, आणि भराभर काढायला लागली. मान, छाती, पोटाची गोलाई. रेष सरळ होती, स्वच्छ होती, कुठंही हात थरथरला नाही. भिंतीच्या बरोबर मधोमध तिनं मोर धरला होता. आधी वितीनं दोन्हीकडचं अंतर मोजून घेतलं. डावीकडं पाच पिसं काढली, उजवीकडं पाच. दोन पायांखाली दोन सारखी फुलं. दर रेषेनंतर ती एक पाऊल मागं सरकत होती, पण भिंतीकडं बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडं बघत होती. आणि गहिनीनाथ तोंड सांभाळून उभा होता. हसू ओठांवर धरून ठेवलं होतं त्यानं, जराही हलू न देता, कारण ते जिथं हललं असतं तिथं तिनं रेष पुसली असती. मोर सुरेख होता. बाईंना आवडणार होता, त्यांच्या बहिणीलाही आवडणार होता. कुठल्याही दिवाणखान्यात शोभला असता.

शेवटी तिनं कावेत करंगळी बुडवली, टाचा उंच केल्या आणि मोराच्या कोऱ्या डोक्याशी हात नेऊन थांबली.

"डोळा कुटं देऊ?"

तो पुढं झाला. भिंतीचा ओला वास आला, मातीचा. त्यानं बोट टेकवून जागा दाखवली.

"इथं."

तिनं अगदी तिथंच दिला.